श्वास ४४, तरीही ऑक्सिजन कमी

बाळाचा श्वास जलद म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी, आणि श्वास नेहमीसारखा म्हणजे घोर नाही. या समजुतीचा पहिला भाग अर्धवट आहे, दुसरा धोक्याचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त. पण त्या खोकणाऱ्या बाळाचा न्यूमोनिया हेरायला ठरवल्या आहेत, ऑक्सिजन मोजायला नव्हे.

मोठ्या माणसाला हवा कमी पडली की तो खोल श्वास घेतो. बाळाला ते फारसं जमत नाही. त्याच्या बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या. त्या वर उचलून छाती फुलवायला जागाच नसते. सगळी भिस्त श्वासपटलावर (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा), म्हणूनच 'पोट उडतं'. त्यात न्यूमोनियाने फुप्फुस ताठर झालं की एक मोठा श्वास ओढण्यापेक्षा चार छोटे स्वस्त पडतात. फुप्फुसातल्या चेतातंतूही मेंदूला तेच सांगतात. म्हणजे ऑक्सिजन उतरण्याआधीच वेग वाढू शकतो. नुसत्या तापानेही वाढतो. मानेतल्या धमनीजवळचे ऑक्सिजन-संवेदक मात्र पातळी ९० टक्क्यांच्या आसपास घसरल्यावरच जोरात ओरडतात. नवजात बाळात तर या ओरडण्याने श्वास काही मिनिटं वाढतो आणि मग मंदावतो. थकलेल्या बाळाचा वेग ७० वरून ४४ वर आला, तर तो आराम आहे की दमणूक, हे आकडा सांगत नाही.

मोजताना बाळ शांत हवं. रडताना, पिताना नको. अंगरखा वर करून पूर्ण ६० सेकंद पोट पाहा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते, शिवाय तान्ह्या बाळाचा श्वास मधूनच ५-१० सेकंद थांबतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा.

बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, श्वासागणिक मान हलणं, कण्हणं, दूध न ओढणं ही लक्षणं आकड्याहून गंभीर. यांपैकी एक दिसलं तरी लगेच दवाखाना. कण्हताना बाळ घसा अर्धवट मिटून फुप्फुसातले वायुकोश उघडे धरून ठेवत असतं. ओठ निळे पडणं फार उशिरा दिसतं, रक्त कमी असलेल्या बाळात आणखी उशिरा.

खात्री ऑक्सिमीटरचीच, तीही पायाला गुंडाळायच्या छोट्या पट्टीची. मोठ्यांच्या बोटाचा चिमटा निसटतो आणि भलतंच दाखवतो. नाडीचा आकडा स्थिर झाल्याशिवाय वाचू नये. पाय गार असेल तर आधी ऊब द्यावी. रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९० टक्क्यांच्या खाली असेल तर ऑक्सिजन लावतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट टेकवून टक्केवारी सांगणारी अ‍ॅप या कामाची नाहीत.