ऑस्ट्रेलियात लहान मुलांसह स्थायिक होताना: ठिकाणाची निवड, व्हिसाचा प्रकार आणि कागदपत्रे

ऑस्ट्रेलियाच्या कौशल्याधारित व्हिसासाठी अर्ज करणारी बरीच कुटुंबे आधी वय, शिक्षण, इंग्रजी अशा निकषांवर मिळणाऱ्या गुणांची बेरीज करतात, मग जो व्हिसा पदरात पडेल तो घेतात आणि कोणत्या शहरात राहायचे, हा प्रश्न विमानाची तिकिटे काढताना सोडवतात. एकट्या माणसाला हा क्रम चालून जातो. घरात पाळणाघराच्या किंवा शाळाप्रवेशाच्या वयाचे मूल असेल, तर मात्र तो उलटा करावा लागतो. कारण कुटुंबाने कोठे राहायचे, पाळणाघराच्या शुल्काचा भार सरकार उचलणार की नाही आणि तेथे जन्मणारे पुढचे मूल जन्मतःच नागरिक ठरणार की नाही, या तिन्ही गोष्टी व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असतात.

तीन व्हिसा, तीन नकाशे

गुणांवर आधारित व्हिसा प्रामुख्याने तीन आहेत आणि ते ‘सबक्लास’च्या, म्हणजे उपप्रकाराच्या, क्रमांकाने ओळखले जातात. सबक्लास १८९ हा स्वतंत्र स्वरूपाचा आहे. त्यासाठी कोणत्याही राज्याची शिफारस लागत नाही, तो पहिल्या दिवसापासून कायम निवासाचा असतो आणि तो मिळालेले कुटुंब देशात कोठेही राहू शकते. सबक्लास १९० हाही कायम निवासाचाच व्हिसा आहे. परंतु त्यासाठी एखाद्या राज्याने किंवा प्रदेशाने नामांकन द्यावे लागते आणि त्या नामांकनाचे ५ गुण मिळतात. नामांकनाच्या बदल्यात राज्य साधारणपणे दोन वर्षे तेथेच राहण्याची लेखी हमी घेते. ही हमी व्हिसाच्या अटींमध्ये छापलेली नसते, म्हणून ती मोडायला हरकत नाही असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या राज्याच्या पाठिंब्यावर आपण देशात प्रवेश केला, त्यालाच दिलेला शब्द अशा रीतीने हलका मानणे मला योग्य वाटत नाही. त्यापेक्षा जेथे खरोखर राहायचे आहे, त्याच राज्याकडे नामांकन मागावे.

सबक्लास ४९१ चा हिशेब वेगळा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला हा व्हिसा पाच वर्षांचा आणि तात्पुरता असतो. राज्याचे नामांकन किंवा निर्धारित प्रादेशिक क्षेत्रात राहणाऱ्या पात्र नातेवाइकाचे प्रायोजकत्व असल्यास त्याचे १५ गुण मिळतात. मात्र राहणे, काम आणि शिक्षण हे तिन्ही निर्धारित प्रादेशिक क्षेत्रातच झाले पाहिजे, ही त्याची कायदेशीर अट आहे आणि ती पती, पत्नी व मुले अशा सर्वांना लागू होते. ‘प्रादेशिक’ हा शब्द वाचून अनेकांच्या डोळ्यांसमोर ओसाड माळरान उभे राहते, परंतु प्रत्यक्षात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता जवळजवळ सगळा देश या व्याख्येत बसतो. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट, न्यूकॅसल, वोलाँगाँग आणि जिलाँग ही सर्व शहरे त्यात आहेत. पत्ता, नोकरी किंवा पासपोर्ट बदलल्यास १४ दिवसांच्या आत व्हिसा देणाऱ्या गृह व्यवहार खात्याला कळवावे लागते. किमान तीन वर्षे हा व्हिसा धारण केल्यावर आणि तीन आर्थिक वर्षांचे कर-निर्धारण पत्र सादर केल्यावर सबक्लास १९१ अंतर्गत कायम निवासासाठी अर्ज करता येतो.

जादा १५ गुणांची किंमत

१५ गुण म्हणजे लहान मोबदला नव्हे. कित्येकांचा अर्ज केवळ त्यांच्या जोरावर तरतो. परंतु पाळणाघरात जाणारे मूल असलेल्या कुटुंबाने या गुणांची किंमत आधी समजून घ्यावी. तेथील चाइल्ड केअर सबसिडी ही पाळणाघराच्या शुल्कातील सरकारी सवलत नागरिकांना, कायम निवासी व्हिसाधारकांना आणि काही ठरावीक तात्पुरत्या व्हिसाधारकांना मिळते. ४९१ व्हिसा त्या यादीत नाही. याचा अर्थ असा की, १८९ किंवा १९० वर आलेल्या कुटुंबाला आल्याबरोबर ही सवलत मागता येते, तर ४९१ वर आलेल्या कुटुंबाला १९१ मिळेपर्यंत पूर्ण शुल्क स्वतःच्या खिशातून भरावे लागते. मूल दोन वर्षांचे असेल, तर तीन वर्षांनी ते शाळेत जाऊ लागलेले असते आणि सवलतीची सर्वाधिक गरज असलेला काळ सरून गेलेला असतो. दोन्ही पालकांनी नोकरी करायची की एकाने घरी थांबायचे, हा निर्णय पुष्कळदा याच एका नियमावर अडतो.

कायम निवासींनाही सर्व लाभ लगेच मिळतात असे नाही. फॅमिली टॅक्स बेनिफिट या मुलांच्या संगोपनासाठीच्या भत्त्यासाठी एक वर्षाची, सवेतन पालकत्व रजेच्या सरकारी भत्त्यासाठी दोन वर्षांची आणि बेरोजगारी भत्त्यासाठी चार वर्षांची प्रतीक्षा आहे. म्हणून पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक या रकमा वगळूनच करावे. सार्वजनिक आरोग्यसेवेची मेडिकेअर योजना मात्र १८९ आणि १९० प्रमाणेच ४९१ धारकांनाही खुली आहे.

कायम निवासी पालकाच्या पोटी ऑस्ट्रेलियात जन्मलेले मूल जन्मतःच नागरिक असते. ४९१ वर असलेल्या पालकांच्या मुलाला मात्र पालकांचाच व्हिसा लागू होतो.

पात्रता आणि ईओआय (इच्छापत्र)

तिन्ही व्हिसांसाठी खात्याने अर्ज करण्याचे निमंत्रण दिल्यावरच अर्ज करता येतो. निमंत्रणाच्या दिवशी अर्जदाराचे वय ४५ वर्षांपेक्षा कमी असावे, व्यवसाय संबंधित यादीत असावा, नेमून दिलेल्या संस्थेकडून कौशल्य मूल्यमापन झालेले असावे आणि किमान ६५ गुण भरावेत. ६५ हा केवळ उंबरठा आहे; प्रत्यक्ष निमंत्रणे बहुतेक व्यवसायांत त्याहून वरच्या गुणांना जातात. वयाचे सर्वाधिक ३० गुण २५ ते ३२ या वयोगटाला मिळतात, ३३ ते ३९ ला २५ आणि ४० ते ४४ ला १५. पदवीचे १५, तर इंग्रजीचे पातळीनुसार शून्य, १० किंवा २० गुण असतात.

जोडीदाराच्या गुणांकडे सहसा दुर्लक्ष होते. जोडीदाराचे वय, इंग्रजी आणि कौशल्य मूल्यमापन अटींत बसत असेल तर १० गुण मिळतात, केवळ इंग्रजीची अट पूर्ण होत असेल तर ५. शिवाय प्रौढ जोडीदाराचे इंग्रजी कामचलाऊ पातळीचेही सिद्ध करता आले नाही, तर शुल्काचा दुसरा मोठा हप्ता भरावा लागतो. जोडीदाराला परीक्षेला बसवणे हा त्यामुळे दुहेरी फायद्याचा मार्ग आहे. मराठी भाषकांसाठी आणखी एक वाट आहे: नाटी या संस्थेची सीसीएल ही भाषांतर-संवाद परीक्षा मराठीतूनही देता येते आणि उत्तीर्ण झाल्यास ५ गुण मिळतात.

यानंतर स्किलसिलेक्ट या प्रणालीत ईओआय, म्हणजे इच्छापत्र, भरायचे असते. त्यासाठी शुल्क नाही आणि त्या टप्प्यावर कागदपत्रेही जोडावी लागत नाहीत. ते दोन वर्षे वैध राहते. राहण्याच्या ठिकाणाचा कौल प्रत्यक्षात येथेच दिला जातो, कारण कोणता सबक्लास आणि कोणते राज्य, हे याच अर्जात निवडावे लागते. राज्यांचे नामांकन जुलै ते जून या कार्यक्रम-वर्षानुसार चालते. प्रत्येक राज्याची व्यवसाय-यादी, अनुभवाची अपेक्षा आणि अर्जाची खिडकी वेगळी असते आणि काही राज्यांना ईओआयसोबत स्वतःचा वेगळा अर्जही हवा असतो. निमंत्रण आल्यावर ६० दिवसांत मुख्य अर्ज दाखल करावा लागतो. ईओआयमध्ये सांगितलेले गुण कागदोपत्री सिद्ध झाले नाहीत, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे अनुभवाचे महिने मोजताना हात आखडताच ठेवावा.

व्यवसायाचा परवाना हाही ठिकाणाशी जोडलेला मुद्दा आहे. परिचारिका, डॉक्टर यांची नोंदणी राष्ट्रीय पातळीवर होते, परंतु शिक्षकांची नोंदणी आणि इलेक्ट्रिशियनचा परवाना राज्यागणिक वेगळा असतो. ज्या राज्याचा परवाना मिळवण्याची तयारी सुरू केली आहे आणि ज्या राज्याकडे नामांकन मागितले आहे, ती दोन्ही एकच असावीत, एवढी साधी खबरदारीही कधी कधी राहून जाते.

शाळाप्रवेशाचे वय

शाळेचे वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस सुरू होते. मात्र पहिल्या वर्गात बसण्यासाठी मूल कोणत्या तारखेपर्यंत पाच वर्षांचे व्हावे, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. न्यू साउथ वेल्समध्ये ही तारीख ३१ जुलै आहे, क्वीन्सलँड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ३० जून, व्हिक्टोरियात ३० एप्रिल आणि टास्मानियात थेट १ जानेवारी. वर्गाची नावेही सारखी नाहीत: न्यू साउथ वेल्समध्ये जो वर्ग किंडरगार्टन म्हणून ओळखला जातो, तोच व्हिक्टोरियात प्रेप आणि साउथ ऑस्ट्रेलियात रिसेप्शन असतो, आणि व्हिक्टोरियात ‘किंडर’ म्हटले की त्याचा अर्थ शाळेपूर्वीची बालवाडी असा होतो.

१० जून २०२१ रोजी जन्मलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. न्यू साउथ वेल्स किंवा क्वीन्सलँडमध्ये त्याला २०२६ च्या आरंभीच प्रवेश मिळू शकतो, साउथ ऑस्ट्रेलियात ते २०२६ च्या मध्यावर होणाऱ्या प्रवेशात बसते आणि व्हिक्टोरिया किंवा टास्मानियात त्याला २०२७ ची वाट पाहावी लागते. एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला पाळणाघराचे आणखी एक वर्ष, हा फरक सबसिडी नसलेल्या कुटुंबाला चांगलाच जाणवतो. उलट व्हिक्टोरियात २०२३ पासून तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवाडीचा कार्यक्रम आहे, हेही त्या हिशेबात धरावे.

सरकारी शाळेतील जागा प्रामुख्याने घराच्या पत्त्यावरून मिळते. शाळेच्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि वीज-पाण्याची बिले मागितली जातात. म्हणून शाळा आधी पाहावी आणि घर नंतर.

कागदपत्रे

मुलांच्या बाबतीत जन्म प्रमाणपत्र हा मूळ कागद आहे आणि त्यावर दोन्ही पालकांची नावे असावी लागतात. आपल्याकडे जन्मानंतर लगेच काढलेल्या प्रमाणपत्रावर बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा रिकामीच राहते. नोंदणी कार्यालयातून ते नाव घालून घेण्याचे काम निमंत्रणाची वाट न पाहता आधीच उरकावे, कारण ६० दिवसांत ते होईलच याचा भरवसा नसतो. आईचे लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव पासपोर्ट, पदवी आणि मुलाच्या प्रमाणपत्रावर वेगवेगळे असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्रासोबत नावबदलाचा पुरावाही जोडावा. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे भाषांतर लागते. मुलासोबत एकच पालक जात असेल, तर दुसऱ्या पालकाची संमती फॉर्म १२२९ वर द्यावी लागते.

पोलीस प्रमाणपत्र १६ वर्षांवरील प्रत्येकाला लागते आणि गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण १२ महिने किंवा अधिक वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचे लागते. आरोग्य तपासणी खात्याने मान्य केलेल्या डॉक्टरांकडेच होते. ११ वर्षे व त्यापुढील सदस्यांचा छातीचा एक्स-रे काढला जातो, तर क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांतील २ ते १० वर्षांच्या मुलांची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी होते. या व्हिसांमध्ये एका सदस्याने आरोग्याची अट पूर्ण केली नाही, तर संपूर्ण कुटुंबाचा अर्ज अडतो. ही अट तपासताना उपचारांवरील अंदाजित सरकारी खर्च पाहिला जातो आणि त्याची मर्यादा जुलै २०२४ मध्ये ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर करण्यात आली. मुलाला दीर्घकालीन उपचार किंवा विशेष शिक्षण लागत असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा किंवा वकिलाचा सल्ला घेणे हा येथे अनावश्यक खर्च ठरत नाही.

अर्ज प्रलंबित असताना बाळ जन्मले तर खात्याला तत्काळ कळवून त्याला अर्जात समाविष्ट करता येते. कायम निवासाचा व्हिसा मंजूर झाल्यानंतर परदेशात जन्मलेल्या बाळासाठी मात्र स्वतंत्र चाइल्ड व्हिसा काढावा लागतो.

लसीकरणाची नोंदवही व्हिसासाठी नव्हे, तर नंतरच्या कामांसाठी लागते. चाइल्ड केअर सबसिडी मुलाच्या अद्ययावत लसीकरणाशी जोडलेली आहे आणि व्हिक्टोरियासारख्या राज्यात त्याशिवाय बालवाडीत प्रवेशही होत नाही. भारतातील सार्वत्रिक लसीकरणात गोवर-रुबेलाची लस दिली जाते, तर ऑस्ट्रेलियाच्या वेळापत्रकात गालगुंडाचा समावेश असलेली एमएमआर आहे. त्यामुळे अनेक मुलांना पोहोचल्यावर पुरवणी लसी घ्याव्या लागतात. लसीचे नाव, मात्रा आणि तारीख स्पष्ट असलेली नोंद सोबत असेल, तर तेथील डॉक्टर ती राष्ट्रीय नोंदवहीत चढवू शकतात. ती नसेल, तर झालेल्या लसीही पुन्हा घ्याव्या लागण्याची वेळ येते.

मंजुरीपत्रात पहिल्या प्रवेशाची अंतिम तारीख दिलेली असते. पोलीस प्रमाणपत्र आणि आरोग्य तपासणी यांची वैधता सामान्यतः १२ महिने असल्याने ती तारीख अनेकदा त्यांवरूनच ठरते. कागद फार लवकर काढले, तर मंजुरी मिळाल्यावर हातात दोन-तीन महिनेच उरतात आणि ऐन सत्राच्या मध्यावर मुलांची शाळा सोडवून निघावे लागते. त्यामुळे या दोन कागदांच्या तारखा ठरवताना समोर शाळेचे कॅलेंडर ठेवावे आणि शक्य असेल तेव्हा डिसेंबर किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचण्याच्या बेताने तपासणीची वेळ घ्यावी.