३०ची पाटी आणि ३०चा रस्ता

शहरातल्या एखाद्या भागात गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर उतरवायचं ठरलं की ‘तिथे आता ३० केलंय’ असं आपण सरसकट म्हणून टाकतो. या एका वाक्यात दोन निराळी कामं लपलेली असतात. एकात खांबावर पाटी लागते, दुसऱ्यात रस्ता उकरावा लागतो. ब्रिटनमध्ये ढोबळमानाने यांना नावंही वेगळी आहेत. नुसत्या पाट्या असतील तर ताशी २० मैलांची ‘लिमिट’, आणि रस्त्याची घडणच बदलली असेल तर ‘झोन’. (२० मैल म्हणजे ३२ किलोमीटर, आपल्या ३०च्या जवळपासच.)

आकडा एवढा खाली का, ते आधी पाहू. उभ्या गाड्यांच्या फटीतून कुणीतरी अचानक रस्त्यावर पाऊल टाकलं, तुमच्यापुढे चौदा मीटरवर. ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम. ३०ने येणारी गाडी तेरा-साडेतेरा मीटरांत थांबते, माणूस थोडक्यात वाचतो. ५०ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळपास चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होते त्या क्षणी ती त्या माणसापाशी पोचलेली असते, पूर्ण पन्नासच्या वेगात. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हा तडाखा ३०च्या धडकेपेक्षा पावणेतीन पट जास्त.

नुसती पाटी असो की घडण बदललेला रस्ता, हे गणित एकच. फरक आहे तो ३०चा वेग पाळायला कोण लावतं, यात.

पाटी फक्त चालकाशी बोलते. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असेल तर तो मात्र ‘दाब अजून’ म्हणत राहतो, आणि पाय पाटीचं कमी, रस्त्याचं जास्त ऐकतो. काट्याकडे पाहिल्यावरच कळतं की ४५ झालेत. उलट ३०च्या रस्त्यावर लेन अरुंद केलेली असते, पादचारी क्रॉसिंग फुटपाथच्या पातळीला उचललेलं असतं, कोपऱ्याचं वळण आवळलेलं असतं. तिथे भरधाव जायचं तर मुद्दाम मेहनत करावी लागते.

ब्रिटनमधल्या पाहण्यांतही हे दिसलं. १९९६च्या अहवालात तिथल्या सुरुवातीच्या झोनमध्ये सरासरी वेग ताशी ९ मैलांनी उतरल्याची नोंद आहे. २०१८च्या अहवालात नुसत्या पाट्यांच्या भागांत घट जेमतेम एका मैलाची. अर्थात दोन्हीकडचे रस्ते आणि मुळातले वेग सारखे नव्हते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून पाटी कुचकामी म्हणायची का? मला नाही वाटत. वेल्सने १७ सप्टेंबर २०२३पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २० मैल हाच मूळ नियम केला, तोही मुख्यतः पाट्यांच्या जोरावर. विरोधात साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या, पण वेगही उतरले. एका गल्लीत पाटी लागली की ती अपवाद वाटते. सगळीकडे लागली की सवय होऊ लागते. शिवाय सगळे रस्ते उकरायला पैसा आणि वर्षं दोन्ही लागतात.

रस्ता सुरक्षेच्या चर्चेत घोळ होतो तो ‘सामायिक जबाबदारी’ या शब्दांपाशी. त्याचा अर्थ ‘सगळ्यांनी नीट वागा’ असा लावला की सगळं ओझं पुन्हा चालक आणि पादचाऱ्यावरच येतं, रस्ता आखणारा नामानिराळा. स्वीडनच्या संसदेने १९९७मध्ये ‘व्हिजन झिरो’ (रस्त्यावर एकही जीव जाऊ नये, हे ध्येय) स्वीकारलं, त्यातली जबाबदारीची वाटणी वेगळी आहे. रस्ता वापरणाऱ्याने नियम पाळायचे. तो चुकला, तरी त्या चुकीपायी कुणाचा जीव जाऊ नये याची तजवीज रस्ता घडवणाऱ्यांनी करायची, आणि अखेरचा जाबही त्यांनाच.

तुमच्या समोरचा रस्ता यातला कोणता, हे ओळखायचं असेल तर पाटी क्षणभर मनातून पुसून टाका आणि कोपऱ्यावर वळणाऱ्या गाड्या बघा. ब्रेकला पाय न लावता वळत असतील, तर तिथे अजून फक्त पाटीच लागली आहे.