फलंदाजीचे मूल्यमापन

फलंदाजाने केलेल्या धावांची किंमत सामन्याचा प्रकार, खेळपट्टी आणि डावातली वेळ पाहून ठरवण्याची पद्धत. क्रिकेटमध्ये फलंदाजी करणारा संघ दोनच गोष्टी खर्च करतो : गडी आणि चेंडू. कसोटीत दिवसाला ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू मिळतात. चेंडू मुबलक, टंचाई गड्यांची. टी-ट्वेंटीत चेंडू १२० आणि गडी तेच दहा. दर बारा चेंडूंमागे एक गडी गेला तरी डाव पुरतो, म्हणून विकेट सांभाळत बसणे तिथे महाग पडते. एकदिवसीय सामन्यात हेच प्रमाण तीस चेंडूंमागे एक गडी असे आहे. पावसामुळे षटके कमी झाली तर नवे लक्ष्य ठरवणारी, १९९७पासून वापरात आलेली डकवर्थ-लुईस पद्धतही उरलेली षटके आणि उरलेले गडी यांचाच एकत्र हिशेब मांडते.

सरासरी काढताना धावांना डावांच्या संख्येने नव्हे, बाद झालेल्या वेळांनी भागतात. डॉन ब्रॅडमन यांच्या ६,९९६ कसोटी धावा ८० डावांतल्या. त्यांपैकी दहा डावांत ते नाबाद, म्हणून भागाकार ७०ने आणि उत्तर ९९.९४. कसोटीत हे माप बहुतेक वेळा पुरते. एकदिवसीयमध्ये मात्र खालच्या क्रमांकावर येणाऱ्याचे नाबाद डाव वाढतात आणि सरासरी फुगते. ऑस्ट्रेलियाचा मायकेल बेव्हन १९६ डावांपैकी ६७ वेळा नाबाद राहिला. त्याच्या ६,९१२ धावांची सरासरी ५३.५८ भरते, पण प्रत्येक डावामागे धावा जेमतेम ३५. यात फसवणूक काही नाही. फिनिशरचे, म्हणजे डाव शेवटाला नेणाऱ्या फलंदाजाचे, कामच शेवटपर्यंत टिकायचे. फक्त त्याची सरासरी सलामीवीराच्या सरासरीशेजारी ठेवून तुलना करू नये.

स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या सामन्यात सुनील गावसकर १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. सामना ६० षटकांचा होता, म्हणजे संघाच्या ३६० चेंडूंपैकी जवळपास निम्मे एकट्याने खेळले. इंग्लंडच्या ४ बाद ३३४ला भारताचे उत्तर ३ बाद १३२. सात गडी न वापरताच शिल्लक राहिले. सामना वाचवायच्या कसोटीत असा डाव डोक्यावर घेतला असता. जुन्या कसोटींच्या धावफलकांत चेंडूंऐवजी अनेकदा खेळलेली मिनिटेच सापडतात, त्यामुळे त्या काळातल्या फलंदाजांचा स्ट्राइक रेट सांगणारे तक्ते जपूनच वाचावेत.

टी-ट्वेंटीतला डाव तपासायची सोपी रीत अशी : फलंदाजाचे आकडे बाजूला काढायचे आणि त्याच डावातल्या बाकीच्यांचा वेग पाहायचा. समजा संघाच्या १६८ धावा झाल्या. एकाने ३६ चेंडूंत ४० केल्या, उरलेल्यांनी ८४ चेंडूंत १२२, अवांतर सहा. बाकीच्यांचा वेग चेंडूमागे १.४५, त्या वेगाने ३६ चेंडूंत ५२ धावा निघाल्या असत्या. फलंदाज बारा धावांनी मागे. आता हे ३६ चेंडू कुठले, ते पाहायचे. पहिल्या सहा षटकांत क्षेत्ररक्षणावर निर्बंध असतात, सात ते पंधरामध्ये क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पांगतात, शेवटच्या पाचांत सगळेच हाणतात. तीन गडी झटपट गेल्यावर मधली षटके काढणाऱ्याला ते बारा माफ; बिनबाद पन्नासवरून हा खेळ झाला असेल तर नाही. निर्धाव चेंडूंचा वाटाही पाहावा. चौकार-षटकार दिसतात, निर्धाव चेंडू लक्षात राहत नाहीत.

मैदानाचा हिशेब सोडला तर सगळे मुसळ केरात. मार्च २०१६मध्ये वानखेडेवर टी-ट्वेंटी सामन्यात दक्षिण आफ्रिकेने २२९ केल्या आणि इंग्लंडने दोन चेंडू राखून त्या पार केल्या. तेरा दिवसांनी भारताच्या १९२ही वेस्ट इंडीजला रोखायला कमी पडल्या. तिथे रात्री दव पडले की ओला चेंडू गोलंदाजाच्या हातात धड बसत नाही.

त्याच वानखेडेवर कसोटीचे दोन टोकांचे नमुने आहेत. नोव्हेंबर २००४मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध चारही डाव मिळून ६०५ धावा झाल्या, चाळीस गडी बाद झाले : गड्यामागे १५. डिसेंबर २०१६मध्ये इंग्लंडविरुद्ध तीस गड्यांत १,२२६, गड्यामागे ४१. पहिल्या सामन्यात दुसऱ्या डावात लक्ष्मणने केलेल्या ६९ धावा दुसऱ्या सामन्याच्या मापाने १८६ भरतात. सचिनच्या ५५ धरल्या तर १४९. भारत तो सामना १३ धावांनी जिंकला. विराट कोहलीच्या २०१६मधल्या २३५ या मापानेही सर्वांत पुढेच राहतात, पण नुसत्या धावफलकावर दिसणारी दरी बरीच बुजते.

मुंबईच्या मैदानी क्रिकेटला हा हिशेब कागदावर न मांडताही ठाऊक आहे. १९४८पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये खेळपट्टी ओली, चेंडू कधी थांबून येणार तर कधी उसळणार, आणि गवत इतके वाढलेले की जमिनीलगतचा खणखणीत ड्राइव्हही दोन धावांवर अडकतो. तिथल्या तिशीला वजन असते. उलट शालेय क्रिकेटमधले प्रचंड आकडे वाचताना समोरचा संघ कोण होता हे आधी विचारावे. दोन शाळांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. स्कोअररने वहीत सुटलेले झेल समासात टिपले तर निवड समितीला त्याचा उपयोग होतो. पंधरावर जीवदान मिळून केलेले शतक आणि बिनचूक शतक धावफलकावर सारखेच दिसते.

एका प्रकारातला आकडा दुसऱ्यात नेता येत नाही. सूर्यकुमार यादवने आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत भल्याभल्यांची गोलंदाजी फोडली. एकदिवसीयच्या ३७ सामन्यांत त्याची सरासरी पंचवीसच्या आसपासच राहिली.

थोड्या डावांवर निकाल देणे ही नेहमीची चूक. फलंदाजाच्या धावा डावागणिक इतक्या वरखाली होतात की त्यांचा चढउतार साधारण सरासरीएवढाच असतो. तीस वेळा बाद होऊन सरासरी ३० आली असेल, तर निव्वळ योगायोगाने ती पाच-सहा धावा इकडे-तिकडे असू शकते. २८ आणि ३३ सरासरीच्या दोन फलंदाजांत एवढ्या आधारावर निवड करू नये. ते बाद कसे झाले आणि कोणत्या गोलंदाजांसमोर, हे पाहावे.