एचआयव्हीची वेगळी चूल आणि गावचे आरोग्य केंद्र

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने १९९२ मध्ये आरोग्य खात्यातच वेगळी चूल मांडली. निधी वेगळा, पुढे राज्य पातळीवर सोसायटीही वेगळी, कर्मचारी कंत्राटी, नोंदवह्याही स्वतःच्या. रुग्णाला वॉर्डात घ्यायला जिथे खळखळ होत होती, त्या काळात दुसरे काही जमलेही नसते. १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणाऱ्या रोजच्या गोळ्यांचा उपचार, सुरू झाली, तीही देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत. महाराष्ट्रातले त्यातले रुग्णालय मुंबईचे.

खरी उलथापालथ २००७ नंतरची. कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात जिल्ह्यांचे गट पाडले गेले. गरोदर मातांमध्ये १ टक्क्याहून अधिक लागण आढळली की जिल्हा पहिल्या गटात, आणि महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे त्यात बसले. सोलापूर तर पुणे-हैदराबाद महामार्गावरचे, कर्नाटकाला लागून असलेले; यंत्रमाग, विडी आणि साखर कारखान्यांमुळे इथे माणसांची ये-जा कायमची. चाचणी फक्त मोठ्या रुग्णालयांत ठेवून भागणार नव्हते.

मग जो निर्णय झाला त्यावर अजून वाद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वेगळा समुपदेशक न नेमता तिथल्याच नर्सबाई आणि लॅब टेक्निशियनने चाचणी करायची. फायदा उघड होता. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या वाडीवरच्या गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी हिमोग्लोबिनबरोबरच होऊ लागली, त्यासाठी एसटीने तालुक्याला जायची गरज उरली नाही. पुढे बोटातून रक्त घेऊन उपकेंद्रातही तपासणी सुरू झाली. पण केंद्रात एकच किट वापरतात. निकाल ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे लागणीची शंका दाखवणारा, आला तरी तो अंतिम नसतो. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन किटनी खात्री व्हावी लागते. मधल्या दिवसांत त्या बाईशी बोलणार कोण? लसीकरणाच्या गर्दीतली नर्सबाई? तिला त्या गावातली सगळी घरे माहीत असतात, आणि रुग्णाला धास्ती नेमकी त्याचीच. म्हणून जवळचे केंद्र टाळून लांबच्या रुग्णालयात जाणारे आजही आहेत. संमती आणि गोपनीयतेचे बंधन घालणारा कायदा २०१७ मध्ये झाला, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. निर्णय योग्यच होता; समुपदेशनाची बाजू मात्र काटकसरीत गेली, असे माझे मत.

दिल्लीतला एड्स नियंत्रणाचा स्वतंत्र विभाग २०१४ मध्ये आरोग्य खात्यात विलीन झाला. सीडी-४ या प्रतिकारपेशी ठरावीक संख्येखाली गेल्यावरच औषध देण्याची अट २०१७ मध्ये गेली, निदान झाले की लगेच औषध सुरू. त्यामुळे आयुष्यभर गोळ्या घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली. सुरुवातीच्या काळात उपचाराला लागलेले आता पन्नाशी-साठीत आहेत, त्यांना बीपी आणि शुगरही आहे. बीपीच्या गोळ्या गावच्या केंद्रात मिळतात, एआरटीसाठी मात्र एआरटी केंद्र किंवा त्याला जोडलेले छोटे लिंक एआरटी केंद्र गाठावे लागते.

एड्स कार्यक्रम आणि नेहमीची आरोग्यसेवा यांच्या एकत्रीकरणाच्या आड येतो तो कारभाराचा नकाशा. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, सोलापूरचे ‘सिव्हिल’ रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, शहरातले दवाखाने महापालिकेकडे. एआरटीचा साठा या चौघांच्याही नेहमीच्या औषधखरेदीतून येत नाही, तो एड्स कार्यक्रमाच्या साखळीतून येतो. तो आरोग्य केंद्राच्या औषध निर्माण अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा, तर त्याचा हिशेब कोणाच्या वहीत चढणार, हे आधी ठरवावे लागेल.