पाठ टाचणात उद्दिष्टांचा रकाना सर्वांत वर कसा आला?

पाठ टाचण म्हणजे शिक्षकाने तासाआधी लिहिलेला पाठाचा आराखडा. त्याचा नमुना कोणताही घ्या, घटकाच्या नावाखाली लगेच उद्दिष्टे असतात. ती जागा त्यांना मिळाली ती बऱ्याच उशिरा.

जुना साचा पंचपदीचा. १८०६ मध्ये एका जर्मन तत्त्वज्ञाने अध्यापनाचे चार टप्पे मांडले. त्याच्या पश्चात अनुयायांनी ते ताणून पाच केले आणि प्रस्तावना, विषय निवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन ही पदे अध्यापक विद्यालयांत रूढ झाली. शिक्षकाने काय करायचे ते पंचपदी क्रमाने सांगे. तासाअखेर मुलाने नेमके काय करून दाखवायचे, यावर तिचा भर नव्हता.

तो भर आला १९४९ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत अभ्यासक्रम रचनेवर एक छोटेखानी पुस्तक निघाले. त्यातला पहिलाच प्रश्न होता, शाळेला साधायचे काय? १९५६ मध्ये बोधात्मक, म्हणजे ज्ञान आणि विचार यांच्याशी संबंधित, उद्दिष्टांचे सहा स्तर आले. हे वर्गीकरण मुळात विद्यापीठांतल्या परीक्षकांनी आपसांत प्रश्नांची देवघेव सोपी व्हावी म्हणून केले होते. प्रश्नपत्रिकेसाठी घडवलेले हत्यार टाचणात येऊन बसले, याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही.

खरा वाद पेटला तो १९६२ नंतर. उद्दिष्ट दिसेल, मोजता येईल अशाच क्रियापदात लिहा, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूक तेही लिहा, असा आग्रह सुरू झाला. ‘विद्यार्थ्याला अपूर्णांक समजतील’ बाद. ‘विद्यार्थी समच्छेद अपूर्णांकांच्या दहा बेरजांपैकी आठ अचूक करतो’ चालेल. शिस्त म्हणून हे वाईट नव्हते. ‘समजेल’च्या आड बरेच काही लपत असे, ते उघडे पडले. पण कविता ऐकताना वर्ग गप्प होतो, ते कोणत्या क्रियापदात बसवायचे? प्रयोग फसल्यावर मुले भलतेच पण मोलाचे विचारतात, ते कुठे लिहायचे? असे आक्षेप १९६०च्या दशकातच घेतले गेले. काही फळे आधी ठरवता येत नाहीत, ती नंतर ओळखायची असतात, हा त्यांचा गाभा. रकाना मात्र हलला नाही. तपासणाऱ्याला तो सोयीचा होता.

१९७०च्या दशकात संशोधकांनी शिक्षक प्रत्यक्षात नियोजन कसे करतात हे पाहिले. बरेच शिक्षक आशयापासून आणि कृतीपासून सुरुवात करत होते. उद्दिष्टांचा विचार असलाच तर मागाहून. म्हणजे कागदावरचा क्रम आणि डोक्यातला क्रम वेगळा. टाचणे एकमेकांची पाहून का उतरवली जातात, याचे निम्मे उत्तर इथे असावे.

१९९८ मध्ये उलट्या दिशेच्या नियोजनाचे पुस्तक आले: आधी अपेक्षित आकलन, मग ते झाल्याचा पुरावा, कृती शेवटी. उद्दिष्ट पुन्हा वरच राहिले, पण ‘समजणे’ या बाद झालेल्या क्रियापदाला सन्मानाने परत घेतले गेले. २००१ मध्ये सहा स्तरांची फेरमांडणी झाली, तीतही ‘समजणे’ आहे.

त्याच सुमारास जपानी शाळांमधला पाठ अभ्यास इतर देशांत चर्चेत आला. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात. त्यांच्या आराखड्यात ध्येय असतेच. शिवाय मुले काय उत्तरे देतील याचाही रकाना असतो, आणि त्यात चुकीची उत्तरेही आधीच लिहून ठेवलेली असतात.