कोयीतला भुंगा आणि बाजाराचं दार

पिकलेल्या हापूसची कोय फोडली की कधीकधी आतून काळपट भुंगा बाहेर पडतो. कोकणात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आंबा तोवर पोटात गेलेला असतो आणि कोय उकिरड्यावर जाते. मादी कोवळ्या फळावर अंडी घालते, अळी आत शिरून कोयीत मुक्काम करते आणि वाढत्या फळाची साल पुन्हा सांधून येते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. हा भुंगा, म्हणजे सोंडा, आणि त्याच्या जोडीला फळमाशी, या दोन किडींच्या नावाखाली भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार १९८९ पासून १८ वर्षं बंद होतं.

कीड खरी होती. पण एवढी वर्षं दार बंद राहिलं ते फक्त किडीमुळे का? आयात मालावरच्या आरोग्याच्या आणि पर्यावरणाच्या नियमांबद्दल भांडण होतं तेव्हा एक बाजू म्हणते, हे शुद्ध विज्ञान आहे. दुसरी म्हणते, आपल्या व्यापाऱ्यांना वाचवण्यासाठी घातलेला हा बुरखा आहे. इतिहास चाळला तर बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकाच नियमात नांदताना दिसतात. आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. शंका विज्ञानाची असते, पण तोडगा निघतो तो देवघेवीने.

या गोष्टीची सुरुवात डुकराच्या मांसापासून करावी लागेल. १८७०च्या दशकाअखेर अमेरिकेचं स्वस्त मांस जहाजं भरभरून युरोपात उतरू लागलं. त्यात ट्रिकिना नावाचा सूक्ष्म कृमी असतो, अर्धकच्चं मांस खाल्लं की माणूस आजारी पडतो, प्रसंगी दगावतो. जर्मनीत अर्धकच्चं मांस खाण्याची पद्धत होती, त्यामुळे भीती निराधार नव्हती. १८८० मध्ये जर्मनीने काही प्रकारच्या अमेरिकी मांसावर बंदी घातली, १८८३ मध्ये ती जवळजवळ संपूर्ण केली. पण त्याच्या आधीच, १८७९ मध्ये, जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्कने शेतमालावर आयातशुल्क लादलं होतं आणि बड्या जमीनदारांना अमेरिकेची स्पर्धा डोळ्यांसमोर नको होती. आता यातली कृमीची भीती किती आणि जमीनदारांची किती, हे कुणी वेगळं काढून दाखवावं. अमेरिकेने १८९० आणि १८९१ मध्ये मांसतपासणीचे कायदे केले, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी सुरू केली. १८९१ मध्ये बंदी उठली. मात्र त्याच समझोत्यात जर्मनीच्या बीटसाखरेला अमेरिकेत करमाफी कायम राहील, हेही ठरलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये गॅट हा देशादेशांतल्या व्यापाराचा करार झाला तेव्हा करार करणाऱ्यांना ही जुनी सवय ठाऊक होती. कराराच्या विसाव्या कलमाने देशांना माणसं, प्राणी, वनस्पती यांच्या जिवाच्या व आरोग्याच्या रक्षणासाठी आयात अडवण्याची मुभा दिली. त्याच कलमाच्या सुरुवातीला अट घातली, की हे मनमानी भेदभावाचं किंवा व्यापारावरच्या छुप्या निर्बंधाचं साधन होता कामा नये. म्हणजे ‘छुपा’ हा शब्द टीकाकारांनी शोधलेला नाही, तो कराराच्या मजकुरातच आहे. पण छुपं काय आणि उघड काय, हे ठरवायचं कसं, ते कराराने सांगितलं नाही.

ही उणीव १९८६ ते १९९४ च्या उरुग्वे फेरीत, म्हणजे गॅटच्या वाटाघाटींत, जाणवली. शेतमालावरच्या कोटा आणि शुल्कांना मर्यादा येणार म्हटल्यावर उघड भीती होती, की आता देश क्वारंटाइनच्या आडून तीच भिंत बांधतील. त्यातून १ जानेवारी १९९५ पासून एसपीएस करार, म्हणजे माणसं, प्राणी आणि वनस्पती यांच्या आरोग्याच्या नियमांचा करार, लागू झाला. नियमाला पुरेसा शास्त्रीय पुरावा हवा, धोक्याचं मूल्यमापन झालेलं असावं, गरजेपेक्षा जास्त अडवणूक नको, आणि जमेल तिथे अन्नाच्या मानकांसाठीच्या कोडेक्ससारख्या आंतरराष्ट्रीय मानकांचा आधार घ्यावा, असं त्यात आहे.

या कराराची पहिली मोठी परीक्षा झाली संप्रेरकं (हार्मोन) दिलेल्या गुरांच्या मांसावरून. युरोपने १९८९ पासून असं अमेरिकी मांस बंद केलं होतं. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने १९९८ मध्ये युरोपला दोषी धरलं, पण कशासाठी, ते नीट बघायला हवं. धोक्याच्या मूल्यमापनाचा आधार नसताना बंदी घातली, हा दोष. बंदी हा व्यापाराचा छुपा डाव आहे, हे मात्र मंडळाने मान्य केलं नाही. युरोपने स्वतःच्या गाईगुरांनाही ती संप्रेरकं मना केली होती आणि ग्राहकांची धास्ती खरी होती. मला वाटतं, या प्रकारच्या वादात सगळ्यात उपयोगी कसोटी हीच आहे. जो नियम दारावर लावता, तो घरात लावता का?

पर्यावरणाच्या बाजूने हीच कसोटी कोळंबीच्या खटल्यात दिसली. ट्रॉलरच्या जाळ्यात समुद्री कासवं अडकून मरतात. ती सुटावीत म्हणून जाळ्याला विशिष्ट झडप लावल्याशिवाय पकडलेली कोळंबी आम्ही घेणार नाही, असं अमेरिकेने ठरवलं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी तक्रार केली. १९९८ च्या निकालात कासवं वाचवण्याचा हेतू रास्त ठरला. आक्षेप अंमलबजावणीवर होता, कारण कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीसाठी ३ वर्षं मिळाली होती आणि आशियातल्या देशांना अवघे ४ महिने.

आता पुन्हा आंब्याकडे. सोंड्यावर तांत्रिक उपाय होता. गॅमा किरणांचा ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) इतका मारा दिला, की कीड मरो न मरो, ती पुढे वंश वाढवू शकत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने मूळ कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभारलेलं ‘कृषक’ हे केंद्र त्यासाठी वापरता येणार होतं. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश दिल्लीला आले तेव्हा आंब्याचा विषय वरच्या पातळीवर गेला, आणि एप्रिल २००७ अखेर पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्यात भारताने ८०० सीसीवरच्या मोटरसायकलींसाठी धुराच्या मानकांची अडचण दूर केली, म्हणजे अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनची वाट मोकळी केली. भुंगा आणि धूर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी दोन्ही नियम एकाच टेबलावर मोकळे झाले, जसे शंभर वर्षांपूर्वी मांस आणि बीटसाखर झाले होते.

पण प्रत्येक बंदीला डाव म्हणून मोकळं होणंही खरं नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा, वांगं, कारलं, पडवळ आणि अळू बंद केलं. लंडन-लेस्टरच्या मराठी-गुजराती घरांत हंगाम सुना गेला. ब्रिटनमध्ये थंडी, फळमाशी तिथे कशी जगेल, असा सवाल तेव्हा जोरात विचारला गेला. पण ब्रिटन तेव्हा युरोपीय संघातच होतं, बाजार एकच होता आणि स्पेन-इटलीची हवा ब्रिटनसारखी नाही. शिवाय २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती. त्या खेपा आपल्याच यंत्रणेचा ‘कीडमुक्त’ दाखला घेऊन गेल्या होत्या. पॅकहाउसची, म्हणजे निर्यातीचा माल निवडून भरण्याच्या केंद्रांची, तपासणी आपण घट्ट केली, वाशीसारख्या ठिकाणी आंब्याला गरम पाण्याची आणि बाष्पाची प्रक्रिया मिळू लागली. बंदी मुळात डिसेंबर २०१५ पर्यंत ठरली होती, आंब्यापुरती ती २०१५ च्या सुरुवातीलाच उठली. दोष दुरुस्त झाल्यावर दार उघडलं, हे युरोपच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे.

द्राक्षांचं प्रकरण याहून अवघड. २०१० च्या हंगामात नाशिक, सांगली भागातून गेलेल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वेलीच्या पानाफांद्यांची वाढ रोखून घड चांगले यावेत म्हणून बागायतदार ते वापरत. युरोपची मर्यादा तेव्हा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत सीसीसी नव्हतंच, त्यामुळे कागदपत्रं चोख असलेले कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकून पडले. गंमत नाही, दुःख आहे ते यात, की हेच रसायन युरोपातले शेतकरी गव्हाचं पीक लोळू नये म्हणून सर्रास फवारतात आणि गव्हातली मर्यादा द्राक्षाच्या कित्येक पट आहे. द्राक्षावर तिथे ते कुणी वापरत नाही, म्हणून तिथली मर्यादा यंत्राला मोजता येईल इतकी खाली. यात कुणी बसून कट केला असं मी म्हणणार नाही. पण जे रसायन त्या पिकावर आपण वापरतच नाही त्याच्यावर कडक मर्यादा ठेवायला कुणाला काही मोजावं लागत नाही. मोजलं ते निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याने. त्याच्याकडे देवघेवीत टाकायला मोटरसायकलीही नव्हत्या.

मात्र आपले हातही कोरे नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. ती दहशत ज्यांनी पाहिली त्यांना आयातीवरची सावधगिरी पटेल. पण भारताने २००७ पासून जी बंदी घातली ती सौम्य प्रकारचा विषाणू अमेरिकेत कुठेही आढळला तरी संपूर्ण देशाच्या मालाला लागू होती. देशात साथ आली की आपण बाधित ठिकाणाभोवती परिघ आखतो, बाकीच्या राज्यांतली अंडी-चिकन चालूच राहतं. सौम्य विषाणू शोधण्याची पुरेशी देखरेखही आपल्याकडे नव्हती. अमेरिकेच्या तक्रारीवर अपील मंडळाने जून २०१५ मध्ये निकाल दिला आणि भारत हरला. तिकडे छातीच्या मांसाला मागणी आणि लेग पीस स्वस्त, तो इथे उतरला तर इथला कुक्कुटपालक बसेल, ही भीती सगळ्यांना माहीत होती. त्याच्या रक्षणासाठी १०० टक्के आयातशुल्क होतंच. ते उघड होतं, हिशेब करता येण्यासारखं होतं. त्यावर विषाणूचं कारण जोडून आपण आपली बाजू कमकुवत केली. हा वाद सप्टेंबर २०२३ मध्ये मिटला. कसा? गोठवलेली टर्की, बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांवरचं शुल्क भारताने कमी केलं.

पुढची लढाई कार्बनची आहे. युरोपच्या सीमेवर पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट यांच्यावर त्यांच्या निर्मितीत सुटलेल्या कार्बनचं शुल्क लागणार, त्याची नोंद ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि प्रत्यक्ष बोजा २०२६ पासून. युरोपच्या स्वतःच्या कारखान्यांना कार्बनची किंमत मोजावी लागते, हे खरं. ज्या देशांनी गेल्या दोनशे वर्षांत हवा सगळ्यात जास्त काळवंडली, त्यांनीच आता सीमेवर मोजपट्टी धरावी, हेही खरं.

आणि आंबा? मे २०२५ मध्ये लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे हवाईमार्गे गेलेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा अमेरिकेने नाकारल्या. नवी मुंबईच्या केंद्रात त्यांना किरणांची प्रक्रिया झालेली होती, त्या प्रक्रियेवर देखरेख करणारा निरीक्षक अमेरिकेच्याच कृषी खात्याचा. फळांत कीड सापडली म्हणून नव्हे, प्रक्रियेच्या दाखल्याचा कागद नीट भरला नाही म्हणून माल अडला. परत आणायचा खर्च मालापेक्षा भारी, म्हणून तो तिथेच नष्ट केला गेला.