मदत लेखांची शोधसुलभता

मदत लेखांची शोधसुलभता : एखाद्या सेवेचे मदत लेख गूगलसारख्या शोधयंत्रात आणि संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधपेटीत सहज सापडावेत, यासाठी केलेली शब्दयोजना व तांत्रिक व्यवस्था.

लेख सापडत नाही त्याला बहुतेक वेळा शब्द कारणीभूत असतात. लिहिणारा सुविधेचे नाव देतो, शोधणारा अडचण टाइप करतो. ‘अयशस्वी व्यवहारांचे निराकरण’ हा लेख ‘पैसे कट झाले पण रिचार्ज झाला नाही’ असे शोधणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही. म्हणून शीर्षकात लोकांचे शब्द घ्यावेत आणि कार्यालयीन नाव पहिल्या परिच्छेदात द्यावे. पडद्यावर येणारा त्रुटीसंदेश मजकुरात जसाच्या तसा टाइप करावा. नुसता स्क्रीनशॉट लावला तर तो संदेश कॉपी करून शोधणाऱ्याला लेख मिळण्याची खात्री नसते. लोकांचे शब्द तीन ठिकाणी मिळतात : ग्राहकसेवेकडे आलेले मेसेज, गूगल सर्च कन्सोल (लोक कोणते शब्द शोधून आपल्या स्थळापर्यंत येतात ते दाखवणारे गूगलचे साधन; यात मागील 16 महिन्यांची माहिती दिसते) आणि स्वतःच्या शोधपेटीतील शून्य निकालाच्या शोधांची नोंद. यांतली तिसरी सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित.

मराठीत लेखनभेदांची भर पडते. ‘ॲप’, ‘अ‍ॅप’, ‘ऍप’, ‘एप’ ही सगळी रूपे चालतात. पहिली दोन डोळ्यांना सारखीच; पण पहिल्यात ‘ॲ’ हे युनिकोडमधले (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) एकच चिन्ह आहे, तर दुसऱ्यात ‘अ’ आणि चंद्र वेगवेगळे, मध्ये न दिसणारा जोडक. युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याची पद्धत, त्यांना एक करत नाही. शिवाय ‘खाते’, ‘खातं’, ‘खात्यात’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्राला आपोआप कळत नाही. इलास्टिकसर्च या शोधपेटीमागे वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत हिंदी व बंगालीचे विश्लेषक (प्रत्यय कापून शब्दाची रूपे जुळवणारे भाग) तयार मिळतात, मराठीचा नाही. हिंदीचा लावून भागवले, तर ‘खाते’मधला ‘ते’ प्रत्यय समजून कापला जातो, ‘खात्यात’चा शेवट मात्र कापला जात नाही आणि दोन्ही जुळत नाहीत. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो : न दिसणारे जोडक अनुक्रमणीपूर्वी (यंत्राने लेखांची शोधसूची बनवण्यापूर्वी) काढावेत, ‘ॲ’ची रूपे एक करावीत आणि समानार्थी शब्दांची यादी हाताने बनवावी. रोमन लिपीत टाइप केलेली मराठीही त्या यादीत घ्यावी.

वेबपत्त्यात देवनागरी चालते, पण कॉपी केल्यावर प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात. नुसता ‘मदत’ शब्द 27 अक्षरांचा. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या दुव्यासाठी लहान रोमन पत्ता बरा. शीर्षक बदलले तरी पत्ता बदलू नये. बदलावाच लागला तर 301 पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळवणे) लावावे.

नेहमीची एक गफलत : पान गूगलमध्ये दिसू नये म्हणून त्यात ‘नोइंडेक्स’ ही सूचना लावायची आणि रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्राने कोणती पाने उघडू नयेत ते सांगणारी फाइल) त्याच पानावर बंदीही घालायची. मग यंत्र पान उघडतच नाही, सूचना वाचत नाही आणि पत्ता निकालात राहू शकतो. उलट बाजूने, क्लिक केल्यावरच सर्व्हरवरून येणारे उत्तर यंत्राला दिसत नाही, कारण ते क्लिक करत नाही. कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधील, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरण्यात वेळ घालवू नये; क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचे गूगलने 2009 मध्येच सांगितले आहे. शोधनिकालातच प्रश्नोत्तरे दाखवणारी विशेष मांडणीही गूगलने 2023 मध्ये मुख्यतः नामांकित सरकारी व आरोग्यविषयक स्थळांपुरती मर्यादित केली.

एका अडचणीला एक लेख पुरे. ओटीपीवर पाच जवळपास सारखे लेख असले, तर ते एकमेकांशीच स्पर्धा करतात आणि नको तो लेख वर येऊ शकतो. अशा वेळी मजकूर एकत्र करून उरलेले पत्ते त्या एका लेखाकडे वळवावेत.